पदक कोणाच्या पैशाचे?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ब्रेक्सव्हिल इथे माजी सैनिकांचे एक सरकारी रुग्णालय होते. 1972 साली डॉ. रॉबर्ट कस्टर या मनोविकारतज्ज्ञांनी तिथे जुगाराच्या नादी लागलेल्यांना उपचारांसाठी दाखल करून घ्यायला सुरुवात केली. दारुड्यासाठी वॉर्ड असतो हे तोवर लोकांच्या गळी उतरले होते. पण जुगाऱ्यासाठी खाट? त्याला समज द्यावी, नाहीतर तुरुंगात टाकावे, इतकीच समाजाची कल्पना. कस्टर मात्र त्यांच्या हकिकती ऐकत गेले आणि त्यांना त्यात एक ठरलेली वाट दिसली. आधी जिंकण्याचे दिवस, मग हरण्याचे, आणि शेवटी गेलेले वसूल करण्यासाठी वाटेल ते करण्याचे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत 1980 साली या आजाराची नोंद झाली, त्यात कस्टर यांचा मोठा वाटा होता. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत तो बसायला मात्र 2013 उजाडले.

अमेरिकेतली जुगार-समस्येवरची राष्ट्रीय परिषद आज जीवनगौरव पुरस्कार देते. उपचारांसाठी कस्टर यांच्या नावाचा, आणि लोकांत व सरकारदरबारी पाठपुरावा करणाऱ्यांसाठी जोसेफ डन या धर्मगुरूंच्या नावाचा. ही परिषद जुगाराच्या बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही, अशी तिची भूमिका आहे. ही भूमिका सोयीची आहे, असे मला वाटते. पण तिच्यामुळेच परिषदेचे म्हणणे सगळीकडे ऐकले जाते, हेही खरे.

या क्षेत्रात सन्मान करायचा तर पहिलीच अडचण अशी की ज्यांनी सर्वांत जास्त माणसे सावरली त्यांची नावेच घेता येत नाहीत. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गॅम्बलर्स अनॉनिमस’ या जुगारग्रस्तांच्या स्वमदत गटाचा पायाच निनावीपणाचा. रात्री दोन वाजता नव्या माणसाचा फोन उचलणाऱ्या जुन्या सदस्याला शाल कोण देणार? मग सन्मान उरतो तो डॉक्टरांना, संशोधकांना, कार्यकर्त्यांना. तो जरूर व्हावा. प्रश्न आहे तो पैशाचा.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. डॉ. हेन्रिएटा बोडेन-जोन्स यांनी 2008 साली लंडनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतले जुगारग्रस्तांचे पहिले क्लिनिक काढले. पुढे त्यांना ‘ओबीई’ हा किताबही मिळाला. पण अशा उपचारांसाठी बराचसा पैसा येत होता जुगार कंपन्यांच्याच देणग्यांतून. अखेर 2022 साली आरोग्यसेवेने तो घेणे थांबवले. ज्याने खड्डा खणला त्याच्याच पैशाने मलमपट्टी करायची, तर खड्ड्याबद्दल बोलताना आवाज खाली येणारच.

तिथल्या बेटिंगच्या दुकानांत अशी यंत्रे होती की दर वीस सेकंदांना 100 पौंडांपर्यंत लावता येत. वीस सेकंद म्हणजे पश्चात्ताप व्हायलाही वेळ नाही. ही मर्यादा 2 पौंडांवर आणायचा निर्णय सरकारने घेतला आणि मग अंमलबजावणी लांबवली. क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये त्याच मुद्द्यावर राजीनामा दिला. सरकार नमले, एप्रिल 2019 पासून मर्यादा लागू झाली. दुसरीकडे चार्ल्स आणि लिझ रिची हे दांपत्य. त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलाने, जॅकने, जुगाराच्या पायी 2017 साली जीव दिला. ‘आमचे नशीब’ म्हणून ते गप्प बसले नाहीत. अशाच कुटुंबांना एकत्र करून त्यांनी ‘गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज’ ही संस्था उभी केली आणि दोष पोराच्या स्वभावात आहे की त्याच्यासमोर ठेवलेल्या वस्तूत, असा उलटा सवाल केला.

आपल्याकडे हा सवाल फारसा कोणी केला नाही. क्रिकेटच्या मध्यंतरात जाहिरातींत लाडके खेळाडू ॲपवर संघ लावायला सांगत, आणि शेवटी एक आवाज भरधाव वेगाने बजावून जाई : ‘सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा.’ जबाबदारी खेळणाऱ्याची, नफा मात्र कंपनीचा! 2025 साली केंद्राने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. पण कायद्याने ॲप बंद होते, कर्ज फिटत नाही आणि ओढही जात नाही. शिवाय महाराष्ट्र सरकार स्वतः 1969 पासून लॉटरी चालवते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केल्यावर व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना हळूहळू समजू लागले. जुगाराच्या बाबतीत ते समजणे अजून बाकी आहे. त्या कामाला लागलेला डॉक्टर, समुपदेशक किंवा मुलगा गमावूनही बोलणारी आई तुमच्या गावात असेल, तर सत्कार जरूर करा. फक्त कार्यक्रमाचा खर्च कोण करतो आहे, ते आधी विचारून घ्या.