दोन कप चहा

संध्याकाळी शाळेतला एक वर्ग पुन्हा उघडतो. फळ्यावर दुपारचं गणित तसंच असतं. एक माणूस बाकं गोलात लावतो, थर्मासमधला चहा कपांत ओततो. दारू सुटून त्याला जेमतेम तीन महिने झालेत. पूर्वी सकाळी पाण्याचा पेलाही या हातात धड राहत नसे. आज कप काठोकाठ भरतो, पण थेंब सांडत नाही.

हा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट. इथं कुणी साहेब नसतो. सचिव, खजिनदार, पुस्तकं मांडणारा, दाराशी उभा राहणारा, सगळे सेवक. आणि ठरावीक मुदतीनंतर प्रत्येकानं आपलं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं. बाहेरची देणगी घेत नाहीत. सदस्यच जमेल तेवढं टाकतात, त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो.

या गटांचं मूळ १९३५ सालात आहे. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दारू सोडलेल्या बिल विल्सनचा व्यवहार फिसकटला, पुन्हा प्यायची ओढ लागली. त्यानं दुसरा पिणारा शोधला, डॉक्टर बॉब स्मिथ. स्वतः सावरण्यासाठी त्याला दुसऱ्याची गरज होती! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरानं ज्याच्या हाती पैसे देणं सोडलं, त्याच्याकडे गट एक दिवस खजिन्याची वही सोपवतो. त्या वहीचं वजन त्यालाच ठाऊक.

आज दाराशी एक नवा माणूस घुटमळतोय, मान खाली. चहावाला दोन कप उचलतो आणि म्हणतो, "या दादा, बसा. मीही इथंच उभा होतो."