शत्रूशीं तह

देहांतील जीर्ण भाग काढून त्याच्या जागीं निर्जीव वस्तु बसवावी, ही कल्पना आतां नवलाची राहिलेली नाहीं. ह्यूस्टन येथील डॉ. मायकेल डिबेकी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत डॅक्रॉन कापडाच्या नळ्या शिवणयंत्रावर शिवल्या. हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीचा विकृत भाग कापून तेथें तशीच नळी जोडण्याची शस्त्रक्रिया आज अनेक देशांत होते. परंतु जी नळी रोग्यास वांचविते, तीच क्वचित् जंतूंचा किल्ला बनते. एलेक व कोनेन यांनीं १९५७ सालीं दाखविलें कीं, त्वचेखालीं पू उत्पन्न होण्यास एरव्हीं लक्षावधि जंतु लागतात. तेथें रेशमी टांका असला कीं कांहीं शेंकडेच पुरतात. परक्या वस्तूस बिलगलेले जंतु आपल्याभोंवतीं चिकट कवच निर्माण करतात, आणि त्यापुढें औषधें बहुधा हतबल होतात.

अशा वेळीं मार्ग दोन. नळी समूळ काढून मृत दात्याची रोहिणी किंवा नवी नळी बसविणें, हा पहिला. त्यांत रोगी शस्त्रक्रियेंतच दगावण्याचें भय. नळी तशीच ठेवून सभोंवारचा पू धुऊन काढणें, पोटांतील चरबीचा पदर तिच्याभोंवतीं गुंडाळणें आणि औषध दीर्घकाळ, प्रसंगीं आमरण, चालू ठेवणें, हा दुसरा. पहिला विजयाचा, दुसरा तहाचा. शत्रु घरांत आहे हें जाणून त्याच्याशीं तह करणें वैद्यास शोभतें काय?

आमच्या मतें शोभतें. वैद्याचें कर्तव्य रोग्याचें रक्षण हें आहे. जंतूंचा निःपात हें त्याचें केवळ साधन. ज्याच्यासाठीं लढावयाचें तोच नाहींसा झाला, तर त्या विजयाचा उपभोग कोणीं घ्यावयाचा? तथापि तहाच्या नांवाखालीं भीरुताही लपूं शकते. रोग्यास शस्त्रक्रिया झेपण्यासारखी असतां, केवळ आपल्या यशास डाग लागेल म्हणून शस्त्रवैद्य हात आंखडतो, तर तो तह नव्हे, पलायन होय.

बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसतात. कारण कृति एक, हेतु मात्र भिन्न. म्हणून आम्ही एकच कसोटी सुचवितों. 'तुम्ही बरे झालां' असें न म्हणतां, 'रोग आंत आहे, तो दबला आहे, आणि आम्हीं शस्त्र उचललें नाहीं त्याचें कारण हें', असें वैद्यास रोग्यापुढें निःसंकोच सांगतां येतें काय? सांगतां आलें, तर तो तह प्रामाणिक. कारण उरलेलें आयुष्य रोग्याचें आहे. त्यासाठीं कोणतें संकट पत्करावयाचें, हें ठरविण्याचा अधिकारही त्याचाच आहे.