विद्यापीठ कोणते, आणि सोबत कोणाची?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : आता मुलाला कोठे घालावयाचे? कोणी पुण्याचे नाव सुचवितो, कोणी मुंबईचे. कोणी म्हणतो, येथेच छत्रपती संभाजीनगरात राहू द्या, घरचा डबा तरी मिळेल. नातलग विचारतात, विद्यापीठ नामांकित आहे ना? शेजारी विचारतात, पुढे नोकरी लागते ना? हे प्रश्न गैर नाहीत. गंगापूर-वैजापूरकडच्या कोरडवाहू शेतीवर किंवा वाळूजच्या कारखान्यातील पगारावर ज्याने मुले वाढविली, त्या बापाने पोराच्या पोटापाण्याचा विचार करू नये, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या दोन प्रश्नांमागे तिसरा एक प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. या तीन-चार वर्षांत आपले मूल कोणाच्या सोबतीत राहणार आहे? आमच्या मते निवडीचा नैतिक गाभा या प्रश्नात आहे, आणि अभ्यास कसा करावा याचे उत्तरही त्यातूनच निघते.

विद्यापीठासाठी युरोपात जो शब्द रूढ झाला तो लॅटिन 'उनिवेर्सितास' या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ संघ किंवा समुदाय असा आहे. मध्ययुगात बोलोन्या येथे विद्यार्थ्यांनी आपला संघ उभारला, पॅरिस येथे गुरुजनांनी. भव्य इमारती नंतर आल्या. आधी माणसे एकत्र आली. आपल्या देशात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. तीच रीत पुढे बहुतेक ठिकाणी चालू राहिली.

संत जॉन हेन्री न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद आणि २०२५ मध्ये ख्रिस्तसभेच्या धर्मपंडिताचा मान मिळाला. त्यांनी १८५२ साली डब्लिन येथे विद्यापीठाच्या कल्पनेवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी एक तुलना केली आहे. एका बाजूस असे विद्यापीठ, जे विद्यार्थ्याला पाहतही नाही, फक्त परीक्षा घेऊन पदवी देते. दुसऱ्या बाजूस असे, जे परीक्षाच घेत नाही, केवळ तरुणांना काही वर्षे एकत्र राहू देते आणि मग घरी पाठविते. यांतून एकच निवडावयाचे झाले तर न्यूमन दुसऱ्याच्या बाजूने कौल देतात. अनेक बुद्धिमान तरुण एकमेकांच्या सहवासात आले, की ते परस्परांचे शिक्षक होतात, असा त्यांचा विश्वास होता.

याचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. पदवीपत्रावर विद्यापीठाचे नाव छापलेले असते, पण मुलाला घडविते ते महाविद्यालय, त्यातील शिक्षक, तेथील वाचनालय, वसतिगृहातील खोली आणि त्या खोलीतील सोबती. एकाच विद्यापीठाशी जोडलेल्या दोन महाविद्यालयांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. म्हणून नावावर न जाता आत डोकावून पाहिले पाहिजे.

आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता तेव्हा पदवीच्या शिक्षणासाठी मुलांना हैदराबादला, नाहीतर आणखी दूर जावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू केले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांच्या नामांतर लढ्यानंतर, त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. बाबासाहेबांच्या त्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्षू. त्या दोघांचा संवाद बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. एका विद्यालयाची ओळख दोन माणसांच्या संभाषणावरून ठरावी, यात फार मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. त्याच मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात गंगाधर पानतावणे यांनी अध्यापन केले; त्यांच्या 'अस्मितादर्श' त्रैमासिकाने कितीतरी नवे लेखक लिहिते केले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना असे शिक्षक लाभणे, हीच ती सोबत.

आपल्या कॅथलिक परंपरेतही असाच एक दाखला आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव आपल्या शहरातील शाळेमुळे सर्वांच्या तोंडी आहे. त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेच्या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात कार्य सुरू केले. हा सव्हॉय प्रांतातील सरदारपुत्र. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पॅरिसला पाठविण्याचे ठरले. वडिलांच्या मनात नावार महाविद्यालय होते, कारण त्यांच्या प्रांतातील खानदानी मुले तेथे जात. मुलाने ऐकले होते, की तेथील वातावरण चैनीचे आहे. त्याने विनवणी करून येशूसंघीयांचे क्लेरमाँ महाविद्यालय मागून घेतले. नावारचे नाव मोठे होते आणि घराण्याच्या प्रतिष्ठेला तेच शोभले असते. मुलाने मात्र एवढेच पाहिले, की आपण कोणत्या सोबतीत चांगले राहू आणि कोणत्या सोबतीत घसरू. स्वतःची ही ओळख असणे, निवडीची पहिली पायरी आहे.

येथे कोणी म्हणेल, मग आपल्या मुलांनी कॅथलिक महाविद्यालयातच जावे काय? जेथे ते चांगले आहे तेथे अवश्य जावे. पण ती अट असू नये. संत थॉमस अक्विनास नेपल्सला शिकले. ते विद्यापीठ सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२२४ साली स्थापन केलेले, ख्रिस्तसभेने नव्हे. तेथेच त्यांना ॲरिस्टॉटल भेटला, आणि डॉमिनिकन संघाचे धर्मबंधूही तेथेच भेटले. श्रद्धा काचेच्या पेटीत ठेवल्याने टिकत नाही. जेथे सत्याचा शोध प्रामाणिकपणे चालतो, तेथे ख्रिस्ती तरुणाने भिण्याचे कारण नाही. त्याने रविवारची मिस्सा मात्र सोडू नये. परक्या शहरात पाऊल ठेवताच जवळचे चर्च कोठे आहे हे शोधावे.

आता व्यवहाराकडे वळू. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. संस्थेला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती चाळावी. 'नॅक'चे मूल्यांकन झाले आहे काय, हे विचारावे. पण श्रेणीवर विसंबून न राहता चालू दिवशी एक चक्कर मारावी. वर्ग खरोखर भरतात काय? वाचनालयात मुले बसलेली दिसतात काय? प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ आहे की हातांचे ठसे? शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारावे, येथे तुम्हांला कोणत्या शिक्षकाने काय दिले? उत्तर देताना त्यांनी एखाद्या शिक्षकाचे नाव आदराने घेतले, तर ते कोणत्याही रंगीत माहितीपत्रकाहून अधिक मोलाचे आहे.

पैशाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न आहे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला, तो येथेही लागू पडतो. केवळ नावासाठी जमीन गहाण टाकून घेतलेला प्रवेश मुलाच्या मानेवर धोंडा होतो. तो मग शिकत नाही, परतफेडीची चिंता वाहतो. याउलट जो हक्काचा आधार आहे तो आपण अनेकदा अज्ञानाने सोडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या प्रवर्गाचा लाभ मिळत नाही, आणि हे दुःख आपल्या समाजाला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. त्यासाठी लागणारे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले बारावीच्या आधी काढून ठेवावेत. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासनाने माफ केले आहे.

मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. कित्येक घरांत मुलासाठी पुणे धुंडाळले जाते आणि मुलीसाठी फक्त जवळचे महाविद्यालय पाहिले जाते. तेथे तो विषय आहे की नाही, याचीही चौकशी होत नाही. देवाने दिलेली देणगी मुलगा-मुलगी पाहून दिलेली नसते. ती जमिनीत पुरून ठेवली तर जाब तिला द्यावा लागणार नाही. तो आपल्याला द्यावा लागेल.

प्रवेश मिळाला, आता अभ्यासाचे काय? फ्रान्सिस पुढे पादुआ विद्यापीठात गेले. वडिलांना मुलगा वकील व्हावयास हवा होता, मुलाचे मन धर्मगुरुपदाकडे ओढले जात होते. त्यांनी भांडण केले नाही आणि फसवणूकही केली नाही. दिवसाचे आठ तास अभ्यासाचे. चार कायद्याला, चार ईशज्ञानाला. मार्गदर्शनासाठी त्यांनी पोसेव्हिनो या विद्वान येशूसंघीय धर्मगुरूंना धरून ठेवले. १५९१ साली कायद्याचे पंडित होऊन ते बाहेर पडले, आणि दोन वर्षांनी धर्मगुरू झाले. वडिलांनी दिलेले शिक्षण वाया गेले नाही. त्याने जीवनाची दिशा ठरविली नाही, इतकेच. आईवडिलांनी आणि मुलांनी, दोघांनीही यातून घेण्यासारखे आहे.

संत थॉमस यांनी ज्ञानाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक विद्याव्यासंग, दुसरी भटकी जिज्ञासा. पहिल्याला त्यांनी संयम या सद्गुणाच्या कुटुंबात बसविले, कारण मनाला भरकटू न देता एका विषयाशी बांधून ठेवणे हाही संयमच आहे. हातातल्या मोबाईलच्या काळात हे विवेचन जितके पटते तितके पूर्वी क्वचितच पटले असेल. केवळ गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच वाचून परीक्षा पार होते, पण त्या अभ्यासात सोबत नसते. मूळ ग्रंथ वाचणे म्हणजे त्या लेखकाच्या शेजारी बसणे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे ड्यूई आणि सेलिग्मन यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. लंडनमधील शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट टाकावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे साठविले, १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. खंड पडला म्हणून विद्या संपत नाही.

मिलिंद राजाच्या कथेत एक सुंदर प्रसंग आहे. वादापूर्वी नागसेन विचारतो, महाराज, आपण पंडितांप्रमाणे बोलणार की राजांप्रमाणे? पंडितांच्या चर्चेत ज्याची चूक दाखविली जाते, तो रागावत नाही. राजाशी असहमत होणाऱ्याला दंड होतो. विद्यार्थ्याने हा प्रश्न रोज स्वतःला विचारावा. वर्गात शंका विचारण्याची लाज, चुकण्याची भीती, आपले मत खोडले गेल्याचा राग, हे सारे आपल्यातल्या राजाचे विकार आहेत. आणि पालकांनीही विचारावे : कोणती शाखा घ्यावी याविषयी आपण मुलाशी पंडितासारखे बोलतो, की राजासारखे?

हे महत्त्वाचे आहे, कारण दंडाच्या भीतीने मुले गप्प होतात. पॅरिसमध्ये फ्रान्सिस एकोणीस-वीस वर्षांचे असताना त्यांना घोर निराशेने ग्रासले. आपला नाश अटळ आहे, देवाने आपल्याला टाकले आहे, असे त्यांना वाटू लागले. अन्न जाईना, झोप येईना. सुमारे सहा आठवडे हे चालले. शेवटी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे प्रार्थना करताना त्यांचे मन शांत झाले. जो पुढे ख्रिस्तसभेचा धर्मपंडित झाला, त्याच्याही विद्यार्थिदशेत अशी रात्र आली होती. आज वसतिगृहाच्या खोल्यांत अशा रात्री काढणारी मुले आहेत. त्यांनी प्रार्थना करावी, आणि त्याचबरोबर कोणाशी तरी बोलावे : मित्राशी, शिक्षकाशी, डॉक्टरांशी, धर्मगुरूंशी. घरी फोन केल्यावर पहिला प्रश्न गुणांचा नसून जेवणाचा असेल, तर ती बोलतील.

म्हणून पालकहो, यंदा मुलाचा किंवा मुलीचा अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवा. दूरदर्शन बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा, एकत्र प्रार्थना म्हणा आणि मग त्यांना विचारा : तुला काय शिकावेसे वाटते, आणि कोणाकडून? उत्तर लगेच आले नाही तरी थांबा. विद्यापीठ पुढे भेटेलच. त्याला पहिली सोबत आपल्या घरात मिळू द्या.