शंका घ्यावी, पण कशावर?

कथालेखनाच्या शिबिरात प्रश्नोत्तरांची वेळ आली की पहिले दोन-तीन प्रश्न तंत्राचे असतात. निवेदन प्रथमपुरुषी असावं का, संवादांत बोली किती आणावी, वगैरे. मग मागच्या रांगेतून कुणीतरी खरा प्रश्न विचारतं: मला हे जमणार आहे की नाही, कसं ओळखायचं? व्यासपीठावरून ठरलेलं उत्तर येतं. स्वतःवर विश्वास ठेवा, रोज लिहा, खचू नका. टाळ्या पडतात. विचारणारा होता तिथेच राहतो, कारण विश्वास ठेवा म्हटल्याने तो बसत नाही. शिवाय लेखकाला शंकाच येऊ नये ही अपेक्षा मुळात गैर आहे. आपल्या लिखाणाबद्दल ज्यांना कधीच शंका येत नाही, त्यांची बाडं वाचण्याची पाळी दिवाळी अंकांच्या संपादकांवर दरवर्षी येते. त्यांना विचारून पाहावं.

जॉन स्टाइनबेकने १९३८च्या मे महिन्याच्या अखेरीस ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहायला घेतली आणि २६ ऑक्टोबरला हातावेगळी केली. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या सलिनासच्या लेट्यूस कामगारांच्या संपावरून सुचलेलं एक उपरोधिक पुस्तक त्याने लिहून स्वतःच नष्ट केलं होतं. नवी कादंबरी लिहिताना तो सोबत रोजनिशी ठेवत असे. त्याच्या मृत्यूनंतर, १९८९ साली, ती ‘वर्किंग डेज’ या नावाने प्रसिद्ध झाली. रोज साधारण दोन हजार शब्द, असं त्याने स्वतःला घालून घेतलेलं काम. शेजारी बांधकामाची ठोकाठोक चालू, घरी पाहुण्यांचा राबता, पत्नी कॅरोलच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया, आणि ऐन मध्यावर प्रकाशकाचं दिवाळं. या सगळ्याच्या जोडीला त्याचं स्वतःविषयीचं रडगाणं: आपण लेखक नाहीच, स्वतःलाही फसवतो आहोत आणि लोकांनाही, हे पुस्तक खरं तर चांगलं होऊ शकलं असतं, पण आपण त्याची माती करतो आहोत. कादंबरीला १९४०चं पुलित्झर मिळालं, लेखकाला १९६२ साली नोबेल.

शंका घेत घेतच मोठं होता येतं, असा बोध यातून काढणं सोपं आहे. तो फसवा आहे. इतक्याच तळमळीने, इतक्याच शंका घेत लिहिलेल्या टुकार कादंबऱ्याही असणारच. त्यांच्या लेखकांच्या रोजनिश्या कुणी छापत नाही, एवढंच. म्हणजे शंका हा प्रतिभेचा पुरावा नव्हे, तसा तिच्या अभावाचाही नव्हे. मला त्या रोजनिशीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःबद्दलची सगळी कुरकुर त्याने तिथे ओतली आणि बहुतेक वेळा त्याच नोंदीत तो आजच्या कामाकडे वळला: आज कादंबरीतल्या कुटुंबाला कुठवर न्यायचं, कोणता प्रसंग लिहायचा. स्वतःवरची शंका एका वहीत, काम दुसऱ्या वहीत.

हा फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. ‘मी लेखक आहे का?’ या प्रश्नाला लिहिण्याच्या टेबलाशी उत्तरच नसतं. ते मिळालं तर वीस वर्षांनी, आणि तेही दुसरे देणार. ‘हे वाक्य खरं आहे का?’ याला मात्र आज, आत्ता उत्तर मिळू शकतं. समजा, एक म्हातारी एसटी स्टँडवर बसली आहे, मुलाकडे कायमची राहायला निघाली आहे. लेखकाने लिहिलंय की तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पहिली शंका या वाक्याचं काही करू शकत नाही. फार तर वही मिटायला लावते. दुसरी विचारते: तरळलं ते पाहिलं कुणी? चार लोकांत ही बाई रडेल का? तिच्या हातात काय आहे? पिशवी. पिशवीत काय? शेंगदाण्याची चटणी, सुनेला तिखट चालत नाही हे ठाऊक असूनही घेतलेली. पंचाहत्तरीच्या पुढची आहे, म्हणजे प्रवास फुकट. बसमध्ये कंडक्टर आधार कार्ड मागतो. ते नेमकं चटणीच्या पुडक्याखाली गेलेलं, म्हणून सगळी पिशवी मांडीवर रिकामी करावी लागते, आणि शेजारचा प्रवासी विचारतो, किती दिवस मुक्काम? आता डोळ्यांत पाणी आणायची गरजच उरली नाही. एवढं सगळं शंकेनेच करून दिलं.

पण पहिल्या शंकेचं दुसऱ्या शंकेत रूपांतर एकट्याने करणं फार अवघड असतं, आणि ते एकट्याने करावं असं पूर्वी कुणी मानतही नसे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रं लिहीत. कथा कुठे सैल पडते, शेवट कुठे लादलेला वाटतो, पुन्हा लिहून पाहाल का, अशी ती पत्रं. ‘साभार परत’चा धसका त्या पिढीच्या आठवणींत पानोपानी आहे, पण त्यासोबत सूचनांचं पत्र आलं तर लेखक ते जपून ठेवत. संपादक लेखकाच्या वतीने शंका घेत होता, आणि ती कथेवर घेत होता. आतल्या आत कुढण्याचं निम्मं काम त्याने टपालावर आणलं होतं. धारवाडला राहणारे, माणसांत मिसळायला नाखूश असलेले जी. ए. कुलकर्णी घ्या. सभा-संमेलनांपासून ते चार हात दूर राहिले, पण सुनीता देशपांडे, म. द. हातकणंगलेकर यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे ग्रंथ झाले. इतक्या एकांतप्रिय लेखकालाही लिहून बोलायला माणसं लागत होती.

या व्यवस्थेच्या आठवणीने गहिवरून जाण्याचं मात्र कारण नाही. १९६९ साली लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तिच्यामागे राग होता. या दारातून कोणाची भाषा आत येते आणि कोणाची बाहेर राहते, हा त्यांचा प्रश्न होता. आणि इथे शंकेची तिसरी, सगळ्यांत जाचक जात भेटते. ती लेखकाच्या मनात उगवत नाही, बाहेरून पेरली जाते: तुमच्या वस्तीतली भाषा, तुमच्या घरातलं जगणं, हे साहित्य आहे का? शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली (१९५९), बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आला. स्वतःची समजूत घालून या शंकेचं निरसन होत नाही, कारण ती समजुतीचा दोष नसून सत्तेचा भाग असते. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने त्यावर उपाय केला तो असा: नवं व्यासपीठ, नवे वाचक, आणि आपलं लिखाण कोणत्या मापाने मोजायचं हे आपण ठरवण्याचा हक्क. आत्मविश्वास त्याच्या मागोमाग आला.

आजच्या होतकरू लेखकाला यातलं काहीच सहजी मिळत नाही. प्रसिद्ध होण्याची अडचण जवळपास संपली आहे. मोबाइलवर कथा टाकली की पाच मिनिटांत अंगठे उमटतात, ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ असे शेरे येतात. मासिकाकडे पाठवली तर बऱ्याचदा काहीच येत नाही, नकारही नाही. एकीकडे सवंग वाहवा, दुसरीकडे शुकशुकाट. कथेचं कुठे काय बिघडलं हे दोन्हीकडून कळत नाही, आणि मग सगळी शंका पुन्हा माणसावर येऊन बसते. नव्या पिढीला टीका सोसत नाही ही तक्रार मी खूप ऐकतो. त्यांच्या वाट्याला खरी टीका येते तरी किती, हे आधी पाहायला हवं.

उमेद टिकवण्याचा प्रश्नही मला इथेच जोडलेला वाटतो. मराठीत कादंबरी लिहून पोट भरत नाही. हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं लागतात. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, श्याम मनोहर भौतिकशास्त्र शिकवत, जी. ए. इंग्रजी. तेव्हा ‘पूर्णवेळ लेखन करता आलं असतं तर’ हा सुस्कारा आपल्याकडे फारसा कामाचा नाही. लिहिणं नोकरीच्या आधी किंवा नंतर होणार, थकलेल्या डोक्याने होणार. अशा वेळी स्फूर्तीची सुवचनं भिंतीवर लावून भागत नाही. अमुक तारखेला अमुक माणूस माझी पानं वाचणार आहे, हे माहीत असलं की माणूस झोप मारूनही लिहितो. दिवाळी अंकांनी मराठी कथा जगवली असं म्हणतात, त्यात साहित्यप्रेमाइतकाच पाठपुराव्याच्या फोनचाही वाटा असणार.

मग संपादक नसेल तर असा वाचक शोधावा लागतो. तो लेखकच असला पाहिजे असं नाही. लेखक मित्र कित्येकदा तुमच्या कथेत स्वतःची कथा लिहायला लागतो. बँकेत काम करणारी, भरपूर कादंबऱ्या वाचलेली मावशी चालेल. तिला कथा कशी वाटली हे विचारू नये, कारण ती छान म्हणेल. नात्यात दुसरं काय म्हणणार? पेन्सिल हातात द्यावी आणि वाचताना जिथे मन दुसरीकडे गेलं, जिथे हे काही खरं वाटलं नाही, तिथे समासात नुसती रेघ ओढायला सांगावं. कारण देऊ नये, सुधारणा सुचवू नये. असे दोघे मिळाले तर उत्तम. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की बऱ्याच रेघा एकमेकींशी जुळत नाहीत. त्या सोडून द्याव्यात, आवडीनिवडीच्या असतात. जिथे दोघांचीही रेघ एकाच परिच्छेदावर आहे, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसची बस यायच्या आधी, कामाला लागावं.