उशिरा शिकणाऱ्याची घाई

भाचा : मामा, छापखाना बंद पडला. उमेद होती तेवढी सगळी ऑफसेट मशीनवर गेली. आता ४७व्या वर्षी इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणतोय. आयटीआयला वयाची वरची अट नाही, पण कोर्स २ वर्षांचा. तेवढं थांबायला घरात पैसा नाही. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, उद्यापासून ये.

मामा : मग जा की. मीही वीज बोर्डात कुणाच्या तरी हाताखालीच शिकलो.

भाचा : त्याला हाताखाली कुणी नकोय. फ्लॅटची वायरिंग एकट्याने उरकणारा माणूस हवाय. दोन आठवडे दाखवतो म्हणाला. मला जमेलही. मशीनचं पॅनेल मीच उघडायचो.

मामा : दिवा लागेल, यात शंका नाही. पण अर्थिंग जोडलं नाही तरी दिवा लागतो. फेजऐवजी न्यूट्रलवर स्विच टाकला तरी लागतो, आणि मग बटण बंद करून होल्डरला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. छपाईतली चूक पहिल्याच प्रतीवर दिसते. इथली भिंतीत वर्षानुवर्षं दडून राहते.

भाचा : एमसीबी असतो ना?

मामा : एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी ट्रिप व्हायच्या कितीतरी आधी माणूस जातो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. हे पाठ करायला दोन आठवडे पुरतील. समजायला नाही.

भाचा : विशीतल्या पोराला शिकायला वेळ मिळतो, मला मिळत नाही. मुलीची फी याच महिन्यात भरायचीय. हा कुठला न्याय?

मामा : अन्यायच आहे. पण त्याची भरपाई छापखान्याच्या मालकाकडे माग, सरकारकडे माग. ज्या घरात तू वायरिंग करशील, त्या घराकडे मागू नकोस. धोका त्यांच्या जिवाला, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

भाचा : म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने शिकूच नये?

मामा : शिकावंच. मेन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, ही शिस्त तुझ्या अंगात मुरलीय. पोरांना ती लावावी लागते. पण एका कामातला अनुभव दुसऱ्या कामाचं शिक्षण वाचवत नाही. मदतनीस म्हणून जा. भिंतीला खाचा पाड, पाइप टाक, वायर ओढ. जोडणी परवानाधारकाने तपासल्याशिवाय सप्लाय चालू करू नकोस. बरोबरीने परवान्याची तयारी कर.

भाचा : मजुरी निम्मी मिळेल. आणि पंचविशीतला वायरमन म्हणेल, ‘काका, पक्कड द्या.’

मामा : द्यायची. मान वयाला मिळतो, अधिकार कामाला. निम्म्या मजुरीचं मात्र घरी आजच खरं सांग. ती ओढगस्त तुझ्या एकट्याची नाही, तेव्हा निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्या.

भाचा : आणि कॉन्ट्रॅक्टर मदतनीस म्हणून नको म्हणाला तर?

मामा : तर दुसरा बघ. शिकायला उशीर झाला म्हणून शिकण्यात काटछाट करता येत नाही. निदान विजेच्या कामात तरी नाही.