हातात आलेली वस्तू आपली असते का?



जिओकॅशिंग हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला नसेल. आम्हालाही तो आपल्या गटातल्या एका काकूंच्या अमेरिकेतल्या नातवाकडून समजला. लपवलेला डबा जीपीएसवर शोधायचा हा खेळ. २००० सालच्या मे महिन्यात ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला, तिथून सुरुवात. डब्यातून काही घेतलं तर काही ठेवायचं, असा नियम.

पण काही डब्यांत एक वेगळी वस्तू असते. पत्र्याचा छोटा बिल्ला, त्यावर नंबर, आणि त्याला अडकवलेलं एखादं खेळणं. ट्रॅव्हल बग म्हणतात त्याला. तो घरी ठेवायचा नसतो. सापडला की नंबर वेबसाइटवर नोंदवायचा आणि बिल्ला दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवायचा. ज्याने सोडला तो घरबसल्या बघतो, आज या गावी, उद्या त्या देशात. २००८ साली रिचर्ड गॅरियट असा एक बिल्ला थेट अवकाश स्थानकात घेऊन गेले होते!

आता रानात डबा उघडणाऱ्याला कोण बघतंय? बिल्ला खिशात घातला, घरी ड्रॉवरमध्ये पडला, की संपला त्याचा प्रवास. असं होतंही. त्याला चोरी म्हणणं जड जातं. विसर पडतो, किंवा वस्तू आवडते. पण मग त्याला म्हणायचं काय? मागचा माणूस ओळखीचा नाही, आणि पुढचा तर अजून आलेलाच नाही.

आपल्या बडोद्याने असं काहीसं शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं खातं उभं केलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली काचेची जमीन आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण त्याच खात्याच्या फिरत्या पेट्या कोणाच्या लक्षात नाहीत. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती खेडोपाडी पाठवायचे. गावाने वाचायची आणि परत करायची, मग पेटी दुसऱ्या गावाला. संस्थानात १९०६ पासून शिक्षण सक्तीचं होतं. म्हणजे मुलाला अक्षरओळख झालेली, घरात मात्र पुस्तक नाही. आधीच्या गावाने पेटी अडवून धरली, तर या मुलाने तक्रार कुठे करायची? आपलं काही अडलंय हे त्याला कळणारसुद्धा नाही.

आम्हाला वाटतं, खरी गोम इथेच आहे. दान करणं त्या मानाने सोपं. दिलं की नाव होतं, पावती मिळते. पुढे सरकवणाऱ्याचं नाव मधल्याच कुठल्यातरी ओळीत राहतं, आणि त्याने अडवलं तर ज्याचं नुकसान होतं तो समोर नसतो. (आपल्याकडे मुलींना 'परक्याचं धन' म्हणतात ते यात आणू नये बरं का. माणूस म्हणजे पुढे द्यायची वस्तू नाही.)

आपली पारायणाची पोथी अशीच फिरते, प्रत्येक घरी सात दिवस. मागे एका घरी ती महिनाभर राहिली. आजारपण होतं, पोथी आल्यावर उतार पडला, त्यांना वाटलं अजून थोडे दिवस असू दे. लोभ असता तर बोलता आलं असतं, भक्तीला कसं बोलायचं? आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, राहू दे की, पुढच्यांना बाजारातून नवी आणून देऊ. पुस्तक मिळेलही. पण चाळीस घरांत वाचली गेलेली पोथी कुठून आणणार? पुढच्या घरी एका काकांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी सप्ताह व्हावा म्हणून ते थांबले होते. हे पहिल्या घराला माहीतच नव्हतं. फोनवर कळलं, आणि त्या ताई त्याच संध्याकाळी रिक्षा करून पोथी स्वतः पोचवून आल्या. कोणाला समजावावं लागलं नाही.

म्हणून आता पोथीबरोबर एक वही ठेवली आहे. आली-गेल्याची तारीख लिहावी, आणि पुढच्या घरी कोण वाट बघतंय, त्यांचं काय चाललंय, हे फोन करून आधीच विचारून घ्यावं. या गुरुवारी पोथी मांजलपूरला आहे, त्यानंतर वाडी, मग दांडिया बझार. ज्यांना नाव घालायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत सेवेकरी ताईंना कळवावं.