सातवे प्रकरण

कादंबरीला हात घालण्यापूर्वी तिचा आराखडा करावा की करू नये, हा प्रश्न चार लेखक एकत्र जमले की हटकून निघतो. कुणी सांगतो, आराखड्याशिवाय एक पानही लिहवत नाही. कुणी हरिभाऊ आपट्यांचा दाखला देतो. १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’मधून त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे जात, एकदा छापलेला मजकूर मागे घेण्याची सोय नव्हती, तरी त्या उभ्या राहिल्याच ना, असे तो म्हणतो. हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न आहे, असे मीही समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात आईने मला एक गोष्ट विचारली आणि हा नीतीचाही प्रश्न आहे, हे ध्यानात आले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची परीक्षा देऊन मी साताऱ्याच्या एका शाळेत शिक्षक झालो. पहिल्या दोन कादंबऱ्या मी सुचेल तशा लिहिल्या आणि त्याची फळे भोगली. दुसरीत एक म्हातारा बाराव्या प्रकरणात वारला होता आणि सोळाव्यात विड्या ओढत बसला होता. पुस्तक छापून झाल्यावर ही चूक एका विद्यार्थ्याने दाखवली. तेव्हा तिसऱ्या वेळी मी शहाणपण केले. बावीस प्रकरणांचा तक्ता काळ्या शाईने रेखला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

विषय घरातलाच होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर हमाल होते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि आत खोलीएवढी जागा. हळद तिथे वर्षानुवर्षे राहिली तरी किडत नसे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही. कोंडलेली हवा काही तास बाहेर जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, हळद सडली आणि तो उद्योगच बसला. आबांचेही काम सुटले. पुढे पाच वर्षांनी ते गेले.

तक्त्यात सहाव्या प्रकरणापर्यंत बालपण होते आणि आठव्यात बापलेकाचे भांडण. मधले सातवे रिकामे होते. भांडणाला कारण हवे म्हणून मी तिथे लिहिले : ‘बाप हळद चोरतो. मुलाला कळते.’ आराखडा झकास जुळला.

आईला लिहितावाचता येत नाही. एका दुपारी तिने माझ्या मुलीकडून तो तक्ता वाचून घेतला. संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर चहा पुढे ठेवून म्हणाली, ‘‘तुझ्या आबांनी हळद कवा चोरली रं?’’

‘‘आई, ती गोष्ट आहे. त्यातला माणूस म्हणजे आबा नव्हेत.’’

‘‘हरिपूर त्येंचंच, पेव त्येंचंच, खोकला त्येंचाच. मग चोरी तेवढी कुणाची?’’

मला उत्तर सुचले नाही. रात्री मात्र पुष्कळ सुचली. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. पात्र म्हणजे साक्षीदार नव्हे. लूट तर अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’तही आहे. ते पुस्तक १९५९ चे, आणि अण्णा भाऊ आमच्याच मुलखातले, वाटेगावचे. पण फकिरा लुटतो तो उपाशी माणसांच्या तोंडात घास पडावा म्हणून. त्याच्या लुटीमागे अख्खा दुष्काळ उभा आहे. माझ्या चोरीमागे काय होते? एक रिकामा रकाना!

मग दोष आराखड्याचा म्हणावा, तर तसेही नाही. त्याच १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘ययाति’ पाहा. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मलेले, शिरोड्यात अठरा वर्षे मास्तरकी केलेले. त्यांच्या कथेचा सांगाडा महाभारतातला. ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले, हे वाचकालाही आधीच ठाऊक. पण खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही आपापल्या तोंडाने बोलू दिले. शेवट ठरलेला असला तरी कुणालाही बाजू मांडू न देता शिक्षा झाली नाही. मी आबांना शिक्षा दिली होती, आणि तीही माझ्या सोयीसाठी. माणूस मेलेला असला की हे फार सोपे जाते.

म्हणून मला आता असे वाटते की कथेत खोटे असणे हा लेखकाचा अपराध नव्हे. कथानकाला खिळा हवा म्हणून माणसाच्या अंगात तो ठोकणे, हा अपराध आहे. आराखड्याशिवाय लिहिणाऱ्याच्या हातूनही तो घडतो. आराखडा करणाऱ्याला निदान तो भिंतीवर दिसतो, कुणी वाचून दाखवला तर ऐकूही येतो.

दोन दिवसांनी आई आपण होऊन बोलली. ‘‘कामावरनं निघताना पेवाच्या तोंडाशी धोतर झटकायचे. म्हनायचे, अंगाला लागलेली हळदबी मालकाची.’’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तुला ताप आला हुता तवा सुदिक झटकूनच आले.’’ यात अभिमान होता की राग, ते मला अजून उमगलेले नाही.

चोरी का केली हे सांगायला मला एक प्रकरण पुरले असते. रोज हाताशी हळद असून का केली नाही, आणि त्या नेकीची किंमत घरात कुणी मोजली, हे सांगायला सबंध कादंबरी लागेल. बापलेकाचे भांडणही बहुधा त्यातच दडलेले आहे.

वर्गात मी मुलांना सांगतो, पहिली रेघ हलक्या हाताने, पेन्सिलीने काढा. नवा तक्ता मी पेन्सिलीने केला आहे. सातव्या रकान्यात फक्त ‘ताप’ एवढा एक शब्द आहे.

‘‘सातवं झालं का रं?’’ असे आई अधूनमधून विचारते. अजून झालेले नाही.